मुखेडच्या गाडीचा गॅस

२९ मार्च २०१६, लातूर

एसी गार करत नाही म्हणून मुखेडची गाडी आली. ड्रायव्हर सटवाजी. मालक कोण विचारलं तर म्हणतो शेषेराव गुरुजी — म्हणजे गंगाच्या माहेरचं शेजारचं घर! हातातला पाना पडला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमची मंडळी कशी आहे?

“बऱ्या हायेत वैनी. लई बोलत न्हाईत.”

गळती दोन मिनिटांत सापडली. पाइपच्या जोडावर तेलाचा डाग, त्यावर धूळ. आतली रबरी रिंग गेलीय. ती बदलली तर गाडी दोन वर्षं माझ्याकडे फिरकणार नाही.

नुसता गॅस भरून दिला. बारा दिवस टिकेल.

३० मार्च

लाज वाटते. पण गंगा फोन उचलत नाही, आज सव्वीस दिवस! पाण्याचा टँकर चुकला त्या दिवशी मीच बोललो — घरात एक माणूस कमी असतं तर दोन घागरी उरल्या असत्या. असं कुणी बायकोला बोलतं का! ती सकाळच्या एसटीने गेली.

४ एप्रिल

उदगीर जिल्हा होणार म्हणे. गिऱ्हाईक तासभर तेच सांगत होतं. आधी नळाला पाणी येऊ द्या!

डबा आणला की गंगा शटरवर दोनदा टकटक करायची. आज तशीच टकटक झाली. धावत गेलो. हवा भरायला आलेला माणूस होता.

१० एप्रिल

गाडी आली! “अप्पा, हवा पुन्हा गरम.” मी आधी गंगाचं विचारलं. पापड करतायत म्हणे. ‘ये म्हणून सांग’ अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. एक फोन तिनेही करावा की! पुन्हा गॅसच भरला.

२३ एप्रिल

आज गाडीत गुरुजींची म्हातारी आई होती. डोक्यावर ओला टॉवेल, डोळे मिटलेले. वाटेत चक्कर आली तिला. चव्वेचाळीस डिग्री, आणि बंद एसी — माझ्यामुळे! प्यायचा तांब्या तिला दिला, तिने दोन्ही हातांनी धरला. मला वर बघवेना.

जोड खोलला, रिंग बदलली, गॅस भरला. उरलेल्या घोटभर पाण्यात साबण कालवून जोडावर फेस लावून गळती पाहिली. एक बुडबुडा नाही. गंगा कशी आहे तेवढं विचारलं आणि गाडी लावून दिली.

८ मे

गाडी नाही. काम पक्कं झालं आणि मला त्याचंच रडू येतंय.

११ मे

सटवाजीचा फोन. “हवा झकास हाय, आता येणं व्हत न्हाई. म्हणून सांगतो अप्पा, वैनीनं न सांगायची शपथ घातली व्हती. लातूरहून आलो की दारात येऊन एकच इचारायच्या — ‘ये म्हणाले का?’ तुम्ही तर कवाच म्हणला न्हाई!”

हे मुखेडच्या एसटीत लिहितोय.