पिशवी राहायला पाहिजे

३ ऑगस्ट
रक्त सात. फक्त सात! गर्भपिशवीत पाच गाठी, मोठी मोसंबीएवढी. डॉ. बाई म्हणाल्या, "एवढ्याशा रक्तावर मी गाठींना हात लावणार नाही. दोन महिने गोळ्या घेताय ना? कशासोबत?" सकाळच्या चहासोबत. त्यांनी कपाळावर हात मारला. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटताना पोरांवर मीच ओरडते, वर चहा प्यायचा नाही, लोह अंगी लागत नाही म्हणून. मास्तरीण म्हणे!

५ ऑगस्ट
शिरेतून लोह चढवलं. सोबत आत्या, म्हणजे सासूबाई. शेजारच्या खाटेवरची बाई, ना ओळख ना पाळख, "पिशवीच काढून टाक की गं, कटकट मिटंल." आमच्याकडं हे कुणीही सांगतं, दाढ काढल्यासारखं. मी चौतीस. मूल नाही. आत्या हूं का चूं बोलल्या नाहीत. रागच आला त्यांचा.

१९ ऑगस्ट
पाळी. दुसरा तास अर्ध्यावर सोडून घरी. मिळवलेलं सगळं वाहून जातंय का काय. रक्त कमी जायच्या गोळ्या चालू. चहा बंद, डोकं ठणकतंय. नवऱ्यानं, संतोषनंही माझ्यासाठी चहा सोडलाय म्हणे. परंड्याच्या स्टँडवर पितो, मला काय कळत न्हाय व्हय!

२ सप्टेंबर
दहा पॉइंट चार! ऑपरेशन १० ला, धाराशिवला. डॉ. बाईंनी चित्र काढून समजावलं. पिशवीच्या मुळाशी रबरी नळी आवळून रक्त अडवायचं, गाठीभोवती शिरा आकसायचं इंजेक्शन, मगच काप.
"म्हणजे पिशवी राहील?"
"रक्त आटोक्यात राहिलं तर. नाही राहिलं तर मी तुम्हाला वाचवणार, पिशवीला नाही."
खोटं तरी बोलायचं. नको, बरंच झालं.

९ सप्टेंबर
दाखल. संतोषनं रक्त दिलं, रक्ताच्या दोन पिशव्या राखून ठेवल्यात. जेवण गेलं नाही.

१० सप्टेंबर, सकाळी ७
संमतीचा कागद. शेवटची ओळ, गरज पडल्यास गर्भपिशवी काढण्यास हरकत नाही. पेन धरून बसले. संतोष म्हणतो, "तू म्हणशील तसं," आणि बघतो खिडकीबाहेर. अस्सा संताप आला!
आत्या जवळ येऊन बसल्या. म्हटलं, झालं, आता उपदेश. तर हळूच म्हणाल्या, "माझी बत्तिसाव्या वर्षी काढली. तुझ्या सासऱ्यानं सही ठोकली. मला कुणी इचारलंबी न्हाय. घरी आल्यावर कळलं." वीस-पंचवीस वर्षं तरी झाली असतील या गोष्टीला. संतोषलाही माहीत नव्हतं.
डॉ. बाई आल्या तशा आत्या उठून उभ्या राहिल्या. "बाई, हिची जाऊ देऊ नगा."
डॉ. बाईंनी हो म्हटलं नाही. आत्यांचा हात धरला फक्त.
सही मी केली. लई भ्या वाटतंय. सिस्टर हाक मारतायत.