फक्त हवा तपासण्यापुरती

प्रिय मेहुणे यांस,

तुम्ही वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद आणि बायकोचे भाऊ म्हणून नमस्कार. दोहोंपैकी जो सोयीचा वाटेल तो स्वीकारावा. आम्ही दोघे ठीक आहोत. तुमची लेक आणि तिचे बाळ सुखरूप असतील असे धरून चालतो. बाळ रात्रभर रडते असे तुमच्या ताईला फोनवर कळले. रडू द्यावे, छाती भरते. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन गाणे म्हणता असेही कळले. ते मात्र थांबवून पाहावे. कदाचित रडणेही थांबेल. हे सर्व मी फोनवर बोलू शकलो असतो, परंतु फोनवर समोरचा माणूस मध्येच बोलतो. पत्रात त्याला शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते.

लेकीकडे जाताना तुम्ही तुमची नवी माउंटन बाइक आमच्या पॅसेजमध्ये ठेवलीत आणि म्हणालात, "दाजी, अधूनमधून हवा तेवढी बघा. बाकी हात लावू नका." या सूचनेचे मी तंतोतंत पालन केलेले आहे. (कसे केले ते पुढे येईल.) तत्पूर्वी माझे मत स्पष्ट मांडतो, म्हणजे गैरसमज नको. माझी सायकल हीसुद्धा माउंटन बाइकच आहे, हे तुम्ही दर वेळी विसरता. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन असताना, बदली होऊन निघालेल्या एका साहेबांकडून मी ती घेतली, तेव्हा तुमची ही लेक रांगत होती. सर्वांग पोलादाचे. पुढचा चिमटा सरळ आणि ताठ, कोठेही स्प्रिंग नाही. दगडावरून गेली की खाली दगड आहे असे ती तोंडावर सांगते. तुमची सायकल दगड लपविते. ज्या वाहनाला मालकापासून गोष्टी लपविण्याची सवय आहे, त्याचा भरवसा काय?

शिवाय तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन आहे, असे तुम्ही चारचौघांत अभिमानाने सांगितलेत. आमच्या खात्यात सस्पेन्शन हा शब्द एकाच अर्थाने वापरीत. ज्याला ते मिळे तो मान खाली घालून घरी बसे. उभ्या नोकरीत ते माझ्या वाट्याला आले नाही, आणि आता निवृत्तीनंतर मी पुढून-मागून सस्पेंड होऊन गल्लीतून फिरावे काय? (त्याला शॉकअप म्हणतात हे मला ठाऊक आहे. तुम्हीही तसेच म्हणाला असतात तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.) गिअरचेही तसेच. माझ्या सायकलीला पुढे तीन चकत्या, तुमच्या सायकलीला एक. नवी म्हणून घेतलीत आणि दोन चकत्या कमी मिळाल्या, हे दुकानातच कसे लक्षात आले नाही? मी चौथी शिकलेला आहे, पण ती जुनी चौथी. वजाबाकी येते.

आता मूळ अडचण. टेकडीवरच्या टाकीपर्यंत सकाळी जाऊन येणे मी नोकरी सुटल्यावरही सोडलेले नाही. टाकीला माझी गरज उरलेली नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. तथापि मी गेलो नाही तर त्या दिवसाला सुरुवात झाली असे मला वाटत नाही. अलीकडे खाली उतरून आल्यावर हाताची बोटे बधिर होऊ लागली. एकदा शर्टाची बटणे लागेनात म्हणून तुमच्या ताईने ती लावून दिली आणि त्याच पावली मला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई वयाने लहान, परंतु बोलण्यात कसर नाही. म्हणाल्या, "आजोबा, ही खडखडणारी सायकल सोडा, नाहीतर टेकडी सोडा. दोन्ही जमणार नाही." मी त्यांना पोलादाचे गुण समजावून सांगू लागलो, तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलाविले. घरी येताच तुमच्या ताईने माझ्या सायकलीला साखळी घालून कुलूप लावले आणि किल्ली आपल्या पिशवीत टाकली. मी खुर्चीत बसून खिडकीतून टेकडी पाहू लागलो. टेकडी होती तेथेच होती. मीही.

अशा स्थितीत तुमच्या सायकलीची हवा तपासण्याचे कर्तव्य समोर आले. चाक बोटाने दाबून हवा समजत नाही. वर माणसाचे वजन पडले पाहिजे आणि चाक फिरले पाहिजे, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. म्हणून मी ती बाहेर काढली. (काढताना तिचे हँडल पॅसेजच्या दारात अडकले. एवढे रुंद हँडल बैलगाडीलाही लागत नाही.) गल्लीत समोरून शिवणकाम करणाऱ्या बाई कापडांचे गाठोडे घेऊन येत होत्या. त्यांना सूचना द्यावी म्हणून मी डाव्या अंगठ्याजवळची घंटी दाबली. ती घंटी नव्हती. माझ्या खालचे सीट एकाएकी खाली गेले, सीटबरोबर मीही गेलो, आणि माझे गुडघे कानांपाशी आले. बाईंनी गाठोडे खाली ठेवून विचारले, "काका, बसलात की पडलात?" बसलो, असे मी सांगितले. ते खरेही होते. सायकलीत माणसाला न विचारता बसविण्याची सोय कशासाठी करतात, हे तुम्ही आल्यावर समजावून सांगावे.

पुढे न्हाव्याच्या दुकानापाशी लहानसा उतार आहे. माझ्या सायकलीचा ब्रेक चारी बोटांनी, दात आवळून, थोडे आधीपासून दाबावा लागतो. मग ती विचार करून थांबते. तुमचा ब्रेक मी त्याच रीतीने दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. सुदैवाने पुढे बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्यामागून तोंडाला साबण लावलेले गिऱ्हाईक आले. न्हावी म्हणाला, "आजोबा, उतरायची पद्धत बदलली का?" मी वाळू झटकली आणि त्याला गिऱ्हाइकाकडे लक्ष देण्यास सांगितले. अर्ध्या दाढीने माणसाला रस्त्यावर उभे करणे त्याच्या व्यवसायाला शोभत नाही.

एवढ्यावर परतलो असतो तर लोकांना वाटले असते की मी पडलो. म्हणून टेकडीकडे वळलो. वरपर्यंत एकदाही पाय टेकला नाही. (वारा मागून असावा.) उतरताना मी बोटे बधिर होण्याची वाट पाहत होतो. दगड आले, चर आले, व्हॉल्व्हच्या चौथऱ्याशेजारचा तो खडकाळ पट्टा आला, जेथे माझी सायकल माझ्याशी फार स्पष्ट बोलते. बोटे शेवटपर्यंत जागीच होती. याचे श्रेय मी सायकलीला देत नाही. त्या दिवशी हवेत गारठा कमी होता. पुढेही रोज कमीच राहिला.

ब्रेकची मूठ वाळूत थोडी वाकली होती. ती मी सायकलवाल्याकडून सरळ करून घेतली. तो आगाऊ आहे. त्याला मी जुन्या सायकलींचे श्रेष्ठत्व नीट समजावून दिले. सगळे ऐकून तो म्हणाला, "बरोबर आहे आजोबा. जुनं ते सोनं. म्हणून तर ते कपाटात ठेवायचं असतं." घरी आलो तो बातमी माझ्या आधी पोचली होती. तुमच्या ताईने दारातच विचारले, "हवा बघायला टेकडीवर जावं लागतं का?" मी म्हणालो, उंचीवर हवेचा दाब निराळा असतो. ती म्हणाली, "पडलो तरी नाक वर! नाकात वाळू आहे, ती धुवा आधी." तथापि त्या सकाळी शर्टाची बटणे माझी मीच लावली, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या सायकलीच्या सीटवर एक स्वच्छ फडके ठेवलेले आढळले. कोणी ठेवले हे मी विचारले नाही.

सारांश, सर्व बाजूंनी विचार करता जुनी माउंटन बाइक हीच खरी माउंटन बाइक होय, हे माझे मत पूर्वीपेक्षाही दृढ झाले आहे. लेकीला आणि बाळाला आशीर्वाद. तुम्ही यावयाची मुळीच घाई करू नये.

तुमचे,
दाजी

ता. क. एक विचार सुचला. तुम्ही माझ्या बायकोचे एकुलते एक भाऊ. तुमच्याकडे हलक्या प्रतीची वस्तू असावी आणि माझ्याकडे उत्तम, हे मनाला टोचते. म्हणून माझी पोलादी सायकल, तिन्ही चकत्यांसह, मी तुम्हाला देऊ इच्छितो. त्याबदल्यात तुमची ती लपवाछपवी करणारी सायकल मी कशीबशी चालवून घेईन. वडीलधाऱ्या माणसाने थोडे सोसले पाहिजे. आभार मानू नयेत. फक्त होकार कळवावा.

दुसरा ता. क. वरील मजकूर तुमच्या ताईने वाचला आणि हसून हसून ठसका लागला म्हणून पाणी प्यायली. तिचा निरोप जसाच्या तसा देतो, भाषेची जबाबदारी माझी नाही: "छोट्या, मुकाट्यानं देऊन टाक. हा माणूस घरात बसला तर मला भाजी चिरायला शिकवेल. तुझ्यासाठी नवी बघू आपण. त्यांची जुनी घरी नेऊ नको, त्यांना पुसायला राहू दे."

तिसरा ता. क. ती आत गेली आहे म्हणून लिहितो. हे पत्र आज सकाळी टेकडीवरून उतरल्याबरोबर, हात धुऊन, लगेच लिहावयास घेतले. अक्षर पाहावे.