माझ्या मापाचं हेल्मेट

प्रिय चिमणे,

तुझ्या त्या एमआरआयच्या हेल्मेटची खरी किंमत तुझ्या कंपनीला ठाऊक नाही. पहिल्या कॉइलची तांब्याची तार माझ्या दुकानातली, तारांना डाग देताना जळलेलं जेवणाचं टेबल आईचं, आणि साचा काढताना प्लास्टरबरोबर गेलेल्या भुवया माझ्या. तुला मोठं डोकं हवं होतं आणि घरात दुसरं नव्हतं.

परवा त्याच हेल्मेटमध्ये डोकं घालून मशीनच्या बोगद्यात पडलो होतो. घाबरू नकोस, पुढे वाच. तंत्रज्ञ म्हणाला, काका, अगदी तुमच्या मापाचं दिसतंय. म्हटलं, माझ्याच मापाचं आहे, मुलीने केलंय. तो म्हणाला, हो हो, आता हलू नका. कानात घालायला त्याने दोन बोळे दिले, त्यातला एक मी परत केला. मशीन ठणाणा करायला लागलं तसं मी ओरडून सांगितलं की याचं बेअरिंग बघा. माझा कान तुला माहीतच आहे. फूटपाथवर स्टूल टाकून पंख्यांचं वाइंडिंग करायचो तेव्हापासून नुसत्या घरघरीवरून दोष सांगतो. या कानांनी मला आजवर फसवलेलं नाही.

आत पडल्यापडल्या तुझं बोलणं आठवलं. हेल्मेटमधली प्रत्येक कॉइल आपल्या जवळचंच नीट ऐकते. म्हणून मशीनने मोजायचं अर्धंच, आणि कुणाला कुठून किती ऐकू आलं यावरून उरलेलं चित्र गणिताने भरायचं. माणूस लवकर मोकळा. मी म्हणालो होतो, यात नवीन ते काय? आपल्या जिन्यातल्या बायकांपैकी एकीला भांडणाची सुरुवात ऐकू येते, दुसरीला शेवट, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं भांडण तयार. तेव्हा फुगून बसलीस आणि नंतर भाषणात तेच उदाहरण दिलंस म्हणे!

वर्षभर मीही तेच गणित करतोय, बाळा. फोन स्पीकरवर ठेवायचा, तुझं अर्धं ऐकायचं, उरलेलं आईच्या चेहऱ्यावरून भरायचं. तिचे डोळे मोठे झाले की मी अरेरे म्हणतो, ती हसली की वा वा. घरमालकाने खोली सोडायला सांगितल्याचं तू सांगितलंस तेव्हा ती नेमकी मांजराकडे बघून हसत होती. मी म्हणालो, झकास!

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती घरात नव्हती. तू बराच वेळ बोललीस, मग काहीतरी विचारून थांबलीस. मी आपलं ठोकून दिलं, बघू पुढे. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. आईलाही काही सांगत नाहीस. तेव्हा कुठे मी निमूट डॉक्टरकडे गेलो. डोक्यात काही वाढलेलं नाही. चित्र फारच सुरेख आलंय म्हणाले. डोक्याचं कौतुक की हेल्मेटचं, ते मी विचारलं नाही.

काय विचारलं होतंस ते लिहून पाठव. मी फोनवर विचारलं असतं तर उत्तरही अर्धंच मिळालं असतं. ते ‘बघू पुढे’ तुझ्या प्रश्नाला नव्हतं गं. उजव्याने अर्धंमुर्धं येतं, डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही.

तुझाच,
बाबा