माझं कॅबिनेट मीच बनवणार

२१ जून १९९८, रविवार

कॉम्प्युटर आला. मेहुणा अंबरीश मुंबईहून सुटे पार्ट घेऊन आला, जेवला आणि रोह्याला गेला. जेवला चांगलाच. पार्टांसोबत एक कॅबिनेटही आणलं होतं. कॅबिनेट म्हणजे ज्याच्या पोटात सगळे पार्ट बसवतात तो डबा. मळकट पांढरा, पत्र्याचा, बेकरीतल्या पावाच्या पेटीसारखा. असाच डबा रोह्याला त्याच्या घरी आहे आणि त्यावर त्याच्या बायकोने क्रोशाचा रुमाल घातलाय. मी तो परत पाठवला. अठरा वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या माणसाच्या घरात बाजारचा डबा? कॅबिनेट माझं मीच बनवणार. पंधरा दिवस पुरे.

अंबरीश म्हणाला, भावोजी, तोवर पाटावर पार्ट मांडून जोडले तरी कॉम्प्युटर चालतो. मी नुसता हसलो. भोंगा वाजला की आत आणि भोंगा वाजला की बाहेर, एवढंच कंपनीत शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं? उघड्यावर ठेवलं तर करंट हवेत जातो, हे आठवीतल्या पोरालाही कळतं.

पद्मजाची सतरा ऑगस्टला रोह्याच्या एका प्रेसमध्ये टेस्ट आहे. टायपिंगच्या परीक्षा तिने लग्नाआधीच दिल्यात, पण प्रेसला आता कॉम्प्युटरवर टाइप करणारी बाई हवीय. सहा वर्षं नोकरी करायची म्हणतेय, आत्ता कुठे दार उघडतंय. सरावासाठी मशीन हवं म्हणून तर हा सगळा खटाटोप. तिला शब्द दिला: पाच जुलैला माझ्या कॅबिनेटमध्ये मशीन तुझ्यापुढे. ती ‘बरं’ म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये केवढा विश्वास असतो!

पार्ट आतल्या खोलीत खोक्यात ठेवले, मॉनिटर शेजारी टॉवेलखाली. खोक्याच्या वर कागद चिकटवला: हात लावू नये. शरद टिपणीस.

२४ जून, बुधवार

स्टाफरूममध्ये जाहीर केलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सर्वांनी चहाला यावं आणि कॅबिनेट बघावं. हेडसरही येतो म्हणाले. विज्ञानाच्या विशाल म्हात्रेने विचारलं की सर, मशीन एकदा चालवून तर बघितलंत ना? हल्ली बी. एड. कुणालाही मिळतं.

२८ जून, रविवार. सकाळी

तेलाचे पंधरा किलोवाले दोन डबे कापून उघडले. पत्रा फर्स्ट क्लास. शाळेतून ड्रिल मशीन, कानस आणि पत्रा कापायची कात्री आणली आहे.

तोच दिवस. दुपारी

अंगठ्याला चार टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन. कंपाउंडर विचारत होता, मास्तर, हे वय हाय का पत्र्याशी खेळायचं? मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. तो स्वतः पन्नाशीचा आहे आणि एवढ्या वर्षांत त्याला सुई नीट मारता येत नाही.

२ जुलै, गुरुवार

पत्रा गंजला. चार दिवसांत! ही पेणची हवा. आमच्याकडे लोखंड टिकत नाही, माणसंच काय ती टिकतात आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवतात. शिवाय आतून तेलाचा वास जात नाही. पत्र्याचा नाद सोडला. मुळात पत्रा हे गरिबाचं मटेरियल आहे.

पद्मजाने विचारलं, रविवारी होईल ना? म्हटलं, चांगल्या कामाला वेळ लागतो. ती ‘बरं’ म्हणाली आणि कणीक मळायला गेली. मळताना तिची बोटं परातीत विचित्र नाचत होती, एकेक बोट वेगळं. थंडी वाजत असावी.

५ जुलै, रविवार

प्लायवूड. खरं मटेरियल हेच. सहा फळ्या कापल्या. दोन बरोबर आल्या, चार जवळजवळ. मोरू सुतार रस्त्याने जाताना थांबला आणि म्हणाला, मास्तर, चपला ठेवायला का? मोरूने केलेल्या आमच्या कपाटाचं दार गेली सहा वर्षं लाथ मारल्याशिवाय लागत नाही.

आज मशीन देणार होतो. पुढची तारीख: एकोणीस जुलै. पक्की.

९ जुलै, गुरुवार

घरी आलो तर मॉनिटरवरचा टॉवेल गरम. हात लावून बघितला, काचही गरम. बाहेर धो धो पाऊस. पावसाळ्यात बंद खोलीत काच उष्णता धरून ठेवते. याची नोंद करून ठेवली पाहिजे, म्हात्रेला हे सुचणार नाही.

१३ जुलै, सोमवार

प्लायवूड फुगलं. एक बाजू वर आली, दुसरी खाली गेली. माझं माप चुकलं नाही, प्लायवूडचं चुकलं.

ओटीवर ओल्या चपलांचे ठसे होते, तीन जोड तरी. पद्मजाला विचारलं. म्हणाली, शेजारची नमिता आली होती आणि तिच्याबरोबर दोघी. म्हणजे भिशी. टेस्ट महिन्यावर आली आणि ही भिशी भरवतेय! स्पष्ट बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की कीबोर्डवर ‘ळ’ मधल्या ओळीत नाही. मी केव्हा म्हटलं होतं तो मधल्या ओळीत आहे? असेन म्हणालो. पण हिला काय माहीत? हिने कीबोर्ड खोक्यातून बाहेर पडलेला पाहिलाय कुठे?

१५ जुलै, बुधवार

सापडलं! शाळेतून येताना गुणाजीच्या कारखान्यावरून आलो. दारापासून माळ्यापर्यंत गणपती. पांढरेशुभ्र, रंगाची वाट बघत बसलेले. आणि डोक्यात वीज चमकली. प्लास्टर! गंजत नाही, फुगत नाही, हवा तो आकार. सगळं जग पेणला मूर्ती घ्यायला येतं आणि पेणचे लोक कॅबिनेट मुंबईहून आणतात. यालाच म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डिझाइन: दोन बाजूंना खांब, मध्ये महिरप, महिरपीत फ्लॉपीची फट. खालून उघडं, मूर्तीसारखं. पार्ट खालून आत सारायचे.

१६ जुलै, गुरुवार

गुणाजीला भेटलो. चतुर्थी चाळीस दिवसांवर, त्याला मान वर करायला फुरसत नाही. आधी नायच म्हणाला. मग माझे हात बघून म्हणाला, मास्तर, संध्याकाळी येऊन घासायला बसाल तर करून देतो, घासायला मानूस गावत नाय. कलावंत कलावंताला ओळखतो. उद्यापासून मार्गदर्शनाला जातो.

२२ जुलै, बुधवार

पाच संध्याकाळी एकशे दहा मूर्ती पॉलिशपेपरने घासल्या. नाकात प्लास्टर, कानात प्लास्टर. आज गुणाजीची बायको पुतळी म्हणाली की मास्तर, सोंडेखाली राहिलंय बघा. या बाईला कलेतलं काही कळत नाही. सोंडेखाली घासलं.

ड्रॉइंग दिलं. पुढची बाजू पूर्ण तपशिलात, दोन्ही कडा मापासह. मागच्या बाजूचं ड्रॉइंग काढायला वेळ नव्हता. लिहिलं: मागची बाजू नेहमीप्रमाणे. गुणाजी वाचून म्हणाला, ते काय सांगायला पायजे?

असा कारागीर हवा. ज्याला सांगावं लागत नाही.

२ ऑगस्ट, रविवार

कॅबिनेट आलं. हातगाडीवरून. दोघांनी उतरवलं. काय सांगू! खांबांवर वेल, महिरपीला मोती. आत काथ्या घालून मजबूत केलंय. आळीतली दहा माणसं बघायला जमली. एकाने चप्पल काढली.

पद्मजाने वजन विचारलं. वजनाने मशीनला स्थैर्य येतं, असं सांगितलं. ती म्हणाली, टेस्टला पंधरा दिवस राहिले. तिच्या आवाजात घाई नव्हती. मीच तिला धीर दिला.

९ ऑगस्ट, रविवार

रंगकाम. सोनेरी, कडेला मरून. दुसरा हात देताना शिंक आली. महिरपीवर थोडा ओघळ. लांबून डिझाइन वाटतं.

१२ ऑगस्ट, बुधवार

पार्ट बसवायला खोकं उघडलं. माझ्या कागदाची चिकटपट्टी नवी दिसली. जुनी ओलीने सुटली असणार. मदरबोर्ड आत सरकवला, छान बसला. मग मॉनिटरची वायर जोडायला मागे गेलो.

मागे काही नाही. गुळगुळीत, सपाट भिंत. एक भोक नाही.

सायकल काढली, कारखाना गाठला. गुणाजी डोळे आखत होता, ब्रश न उचलता त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, मास्तर, पाठ कोन बगतंय? पाठ भिताडालाच लागतेय ना! बापाच्या वक्तापासून आमी पाठ सपाटच करतो. तुमीच लिवलंत, नेहमीपरमानं.

अडाणीपणाची हद्द. आणि एक शब्दही खोटा नाही, म्हणून जास्त संताप.

१३ ऑगस्ट, गुरुवार

मदरबोर्ड परत खोक्यात ठेवला आणि मागे भोकं पाडायला बसलो. पहिलं झकास पडलं. दुसऱ्याला ड्रिल काथ्यात अडकलं, ओढलं. कॅबिनेट वरपासून खालपर्यंत तडकलं. एम-सील लावलं. आता सहा भोकांऐवजी एक भोक आणि एक तडा आहे. तड्यातून वायर जाते का बघायचं आहे.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदनानंतर स्टाफ आला, चौदा माणसं. पद्मजाने चहा आणि पोह्याचे पापड दिले. मी कापड दूर केलं. हेडसर खांबांवरून हात फिरवत म्हणाले, यंदा मखर लवकर केलंत. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. म्हात्रेने वाकून मागे बघितलं, तड्यावर बोट फिरवलं आणि मशीन चालू करून दाखवा म्हणाला. मी म्हटलं, आज राष्ट्रीय सण आहे. याचा अर्थ काय होतो ते मलाही माहीत नाही.

पद्मजा ट्रे घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तेच सोसवेना.

१६ ऑगस्ट, रविवार

उद्या टेस्ट. तिने एक बटण दाबलेलं नाही आणि याला जबाबदार मी आहे. हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. सहा वर्षं वाट बघितली तिने आणि मी खांबांना वेल काढत बसलो. वाईट वाटतंय. खरंच वाईट वाटतंय.

मात्र तिला सांभाळून घ्यायचं, असा निश्चय केला. ती रडत येईल तेव्हा काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. एक, नोकरीत काही नसतं. दोन, प्रेसची हवा फुप्फुसांना वाईट. तीन, पुढच्या वर्षी पुन्हा बस, तोवर कॅबिनेट नक्की होईल.

१७ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी

ती सव्वासहाला आली. रडत नव्हती. पहिली आली म्हणाली. अकरा जणींमध्ये. सोमवारी, चोवीस तारखेला रुजू व्हायचंय, मग चतुर्थीची सुट्टी. मी पहिला मुद्दा बोलून टाकलेला होता, तो मागे घेतला.

याचं कारण उघड आहे. रोज जेवताना मी मशीनबद्दल बोलायचो, ते तिच्या कानावर पडत गेलं. एकलव्याचं तरी दुसरं काय झालं होतं? उद्या स्टाफरूममध्ये सांगेन.

२० ऑगस्ट, गुरुवार

भोगावती नदीचं पाणी चढायला लागलं म्हणून शाळा अकराला सोडली. भिजत घरी आलो. ओटीवर चपला, चार जोड. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं.

जमिनीवर पाट. पाटावर मदरबोर्ड उघडा, त्याचा छोटा पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागलाय. मॉनिटर चालू. पडद्यावर मराठी अक्षरं. कीबोर्डवर नमिता, शेजारी दोघी वह्या घेऊन, आणि मागे पद्मजा. म्हात्रेची बायको आसावरी त्या दोघींतली एक. म्हणजे म्हात्रेला माहीत होतं!

कुणी दचकलं नाही. नमिताने एवढंच म्हटलं, सर, जरा बाजूला व्हाल का, उजेड अडतोय.

पद्मजाने सांगितलं ते असं: जूनच्या शेवटी अंबरीशने फोनवर जोडणी सांगितली. ती रोज अकरा ते साडेचार पाटावर मशीन मांडून बसायची, पाचच्या आत परत खोक्यात. पंधरा दिवसांत हात बसला, मग या तिघींना शिकवायला लागली. अख्ख्या आळीला ठाऊक होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, पहिल्या आठवड्यात तीनदा सांगायला आले होते. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस, माप चुकतं.

हे मी म्हणालो असेन. मी नेहमीच म्हणतो.

ओल्या कपड्यांतच पाटाजवळ वाकून बघितलं. करंट कुठेही उडून जात नव्हता.

२४ ऑगस्ट, सोमवार

पद्मजा आठच्या एसटीने रोह्याला गेली. सोडायला स्टँडवर गेलो. खिडकीतून म्हणाली, तिची वेळ आता नमिता घेणार, चौथी जागा रिकामी आहे, शिकायचं असेल तर बसा. शाळेला सुट्टीच आहे. बायकांजवळ एखादा अनुभवी माणूस हवा, म्हणून मी बसायचं ठरवलं.

अकराला बसलो. चटईवर, वही घेऊन, तिघींच्या मागे. माझी पाळी आली तेव्हा नमिता म्हणाली, सर, आधी चालू करा.

दोन महिने या मशीनसाठी राबलो. बटण कुठे आहे, ते तिला विचारावं लागलं.