आठ मिलिमीटरची परतीची नळी

७ फेब्रुवारी, शनिवार

सात महिने या वहीत एक ओळ नाही. चुकलंच. कारणं शोधत बसलो तर आणखी सात महिने जातील, म्हणून सरळ आजचं लिहितो.

सकाळी दादाचा फोन. दोन वर्षांनी! "मोकळा आहेस का? हात हवेत." मी म्हटलं, कसले हात? "तुझे. माझे निकामी झालेत."

गेलो. त्याचे हात कापतात हे वहिनींकडून ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. "अर्धा पितो, अर्धा नेसतो," म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. ते त्याला दिसलं.

शेडमध्ये आमच्या वडिलांची, अप्पांची गाडी. अप्पा गेल्यावर 'विकून टाकू हा खटारा' असं मी म्हणालो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. या दोन वर्षांत त्याने तिला टर्बो बसवलाय, जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारा. त्या म्हाताऱ्या इंजिनाला! हात साथ देईपर्यंत सगळं एकट्याने. राहिलंय एकच काम – पेट्रोलची परतीची नळी. नवा पंप लागतं त्याहून जास्त पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनाने घेऊन जे उरेल ते टाकीत परत जायला हवं, नाहीतर दाब चढतो आणि कार्बोरेटर ओसंडतो. जुन्या गाडीला ही वाट नसतेच. ती आपण करायची.

मी निघताना त्याने विचारलं, "तुझं लायसन्स चालू आहे ना?" टोमणाच. एकोणिसाव्या वर्षी मी ही गाडी फाटकाच्या खांबावर घातली होती, त्यानंतर स्टीअरिंगला हात लावलेला नाही. "कधीच संपलं," म्हटलं. तो नुसतं "हं" म्हणाला.

८ फेब्रुवारी

टाकी उतरवली. रिकामी केली, साबणाच्या गरम पाण्याने चार वेळा धुतली. दादा खुर्चीत बसून हुकूम सोडतो: "नाक लाव. वास येतोय? मग पाचव्यांदा." पाचव्यांदा धुतली.

परतीचं तोंड टाकीला कुठे जोडायचं यावर तासभर वाद. मी म्हणालो, पंपाच्या तोंडाशेजारी, सोयीचं पडेल. "शाळेत शिकवलं नाही वाटतं? परत आलेलं पेट्रोल गरम असतं, बुडबुड्यांचं असतं. लगेच पुन्हा ओढलं तर पंपाला उचकी लागेल. लांबच्या कोपऱ्यात!" बरोबर होतं त्याचं. हात गेले, डोकं जागेवर आहे. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

परतीचं तोंड पितळेने डाकून घ्यायला टाकी ब्रेझिंगवाल्याकडे नेली. पाण्याने भरल्याशिवाय तो ज्योत पेटवेना. "साहेब, मागे एकदा भरली नव्हती. भुवया अजून नीट उगवल्या नाहीत." खरंच नव्हत्या. जोड मात्र देखणा केला.

१५ फेब्रुवारी

आज वहिनींनी फाटकापाशी गाठलं. आवाज दाबून बोलत होत्या. "भावजी, एक मागू? हे पूर्ण करू नका." मला कळेना. "डॉक्टरांनी गाडी बंद सांगितलीय. हे म्हणतात, सुरू झाली की टेकडीच्या रस्त्याने जाणार. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. मी बोलले तर ऐकत नाहीत, तुम्ही बोललात तर पुन्हा दोन वर्षं अबोला. काहीतरी करा. मोडू नका, नुसतं होऊ देऊ नका."

टेकडीच्या रस्त्याला सात वळणं आहेत, दोन ठिकाणी कठडाच नाही.

मी "बघतो" म्हणालो. 'बघतो' म्हणजे काय, हे मलाच ठाऊक नाही.

१६ फेब्रुवारी

कामावर दिवसभर चित्त नाही. कारखान्यात तपासणीला आलेला एक चांगला भाग चुकून नापास केला.

२१ फेब्रुवारी

नळी वाकवली. आठ मिलिमीटरची, पुढून मागेपर्यंत साडेतीन मीटर. सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब, दर वितीला रबरी अस्तराची क्लिप. पहिली नळी मी नापास केली – वळणावर किंचित चपटी झाली होती. खरंच झाली होती. दुसरी? दुसरी ठीक होती. तीही नापास केली.

दादाने ती डोळ्यांजवळ धरायचा प्रयत्न केला. हातात नाचायला लागली, तेव्हा मांडीवर ठेवली. "इन्स्पेक्टर, हिच्यात काय खोट आहे ते मलाही दाखव." मी म्हणालो, अर्धा मिलिमीटर. "अर्ध्या मिलिमीटरने मेलेला माणूस मी अजून बघितलेला नाही!" तिसरी वाकवू दिलीच नाही त्याने. दुसरीच बसवली. नळी पास झाली म्हणजे उद्या गाडी सुरू होणार.

मी त्याच्याशी सरळ का बोलत नाही? दादा, गाडी चालवू नकोस. चार शब्द. अबोल्याची भीती की त्याचा चेहरा पडेल याची? प्रामाणिकपणे लिहायचं तर – पहिलीच. पंधरा दिवस झाले त्याच्या शिव्या खातोय आणि मला त्या हव्याशा वाटतात.

२२ फेब्रुवारी

केलं.

दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून उरलेलं पेट्रोल परतीला बाहेर पडतं तिथे रबरी होजचा एक तुकडा आहे, त्यापुढे नळी. त्या होजमध्ये पितळेचं बूच बसवलं, मधोमध एक मिलिमीटरचं भोक. काल घरीच घासून आणलं होतं. दादा औषध घ्यायला आत गेला होता. दोन मिनिटांचं काम. क्लिप आवळली, हात पुसले.

दादा परत आल्यावर मी चावी फिरवली. दाबाचा काटा साडेतीन पौंडांवर थांबायला हवा होता, अकरावर गेला. काळा धूर, कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल. "बंद कर! बंद कर!" केली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान फिरवली.

बावीस वर्षं कारखान्यात लोकांचे भाग मोजतोय. खोटा शिक्का एकदाही मारलेला नाही. पहिला मारला तो सख्ख्या भावाच्या कामावर.

२३ फेब्रुवारी

रजा काढली. दिवसभर दोष शोधला – म्हणजे दादाने शोधला, मी शोधल्याचं नाटक केलं. पंप तपासला. रेग्युलेटर उघडून पुन्हा बसवला. त्याने आपली जुनी वही काढली आणि आकडे पुन्हा मांडायला लागला. पेन धरवेना, म्हणून तो सांगत होता, मी लिहीत होतो. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं.

संध्याकाळी खुर्चीत नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "रेग्युलेटर मीच निवडला. टर्बो मीच बसवला. कुठेतरी मीच चुकलोय आणि मला दिसत नाहीये." आणि हातांकडे बघत – "हातांचं ठीक आहे रे. आता डोकंपण चाललं की काय?"

मी म्हणालो, असं काही नाही. आवाज इतका खोटा निघाला! त्याला वाटलं असेल, मी धीर देतोय.

२४ फेब्रुवारी

वहिनींचा फोन. "जेवत नाहीत. मला विचारत होते, मी काही विसरायला लागलोय का गं, खरं सांग. भावजी, मी हे मागितलं नव्हतं हो."

नव्हतं. मोडू नका म्हणाल्या होत्या. मी काय मोडलं ते आज कळलं.

त्यांना बुचाचं सांगून टाकलं, कुठे बसवलंय तेही. "शनिवारी काढतो," म्हणालो. शनिवारी! आजच का नाही? रजा शिल्लक नाही हे कारण लिहितोय खरा, पण ते कारण नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ती दोघं डॉक्टरकडे गेली होती. शेडची किल्ली माझ्याकडे असतेच. होज सोडवली.

बूच नाही.

आधी वाटलं, पुढे नळीत सरकलं. तार घालून बघितली – आरपार मोकळी. मग क्लिपकडे नीट लक्ष गेलं. स्क्रूच्या डोक्याभोवती ओरखडे. एक-दोन नव्हे, पन्नास-साठ, सगळ्या दिशांनी. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवायचा, सटकायचा, पुन्हा बसवायचा. शेजारच्या रंगाचेही टवके गेलेत. असे ओरखडे काढणारा हात या घरात एकच आहे.

होज लावली, गाडी सुरू केली. काटा साडेतीनवर, जागचा हलेना. इंजिन कसं एका लयीत! दादाचं काही म्हणजे काहीच चुकलेलं नव्हतं.

बंद केली. त्यांची वाट न बघता घरी निघून आलो. पळून आलो, असं लिहायला हवं.

१ मार्च

गेलो. कबूल करायला तोंड उघडलं, तर दादाने मला गप्प केलं आणि खिशात हात घातला. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा ते बूच माझ्या तळहातावर ठेवलं.

"तीन सकाळी लागल्या मला. तुझी वहिनी टॉर्च धरून रडत होती, तिने जागा सांगितली. क्लिप सोडवायला मात्र मी तिला हात लावू दिला नाही." मग म्हणाला, "विचारायचं तरी होतंस, गाढवा. हे हात स्टीअरिंगवर ठेवीन मी? तू चालवणार, मी शेजारी बसून काटा बघणार. पहिल्याच दिवशी लायसन्सचं उगाच विचारलं का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

मी म्हणालो, खांबावर घातली होती मी. "खांब आहे अजून तिथेच. बघून चालव." आणि मग, माझ्याकडे न बघता – "लवकर कर मात्र. शेजारी तरी किती दिवस बसता येईल, काल डॉक्टरांना सांगता आलं नाही."

उद्या: लायसन्सचा अर्ज भरणे.