बाबांची कवळी

मंगळवार संध्याकाळ, वेरिबी

माझ्या मैत्रिणीला, केतकीला, डेंटलला ॲडमिशन मिळाली. मला इंटरव्ह्यूचं बोलावणंसुद्धा नाही. ते ठीक आहे, माझे मार्क्सच तसले. सेकंड इयरला बाबांना स्ट्रोक आला, त्यांची कवळी रोज मीच धुवायचे, त्यात दोन विषय गेले. अर्जात सांगण्यासारखं तेवढंच तर होतं माझ्याकडे! आणि तो अर्ज तपासायला मी दिला कुणाला? केतकीला.

आज गाडीत म्हणते, "इंटरव्ह्यूत मी सांगितलं, आजोबांची कवळी मीच धुवायचे. दे लव्ह्ड इट! रागावली नाहीस ना?"

मी म्हटलं, "नो वरीज." का म्हटलं मी असं?

कवळी म्हणे! तिच्या याच आजोबांनी दिवाळीला माझ्यासमोर दातांनी अक्रोड फोडला होता. वर म्हणाले, "बघ, सगळे माझे स्वतःचे आहेत."