मानकऱ्यांचा बॅज

बाबा,

तुमच्या स्काऊट पथकात बॅजचे मानकरी निवडायला लागून यंदा पन्नास वर्षं झाली. स्मरणिका निघतेय, आणि तिच्यात सरांच्या मुलीने सरांना लिहिलेलं पत्र हवंच, असा समितीचा हुकूम झाला. ते मी लिहून दिलं. त्यात तुम्ही थोर आहात, शिस्त आहे, संस्कार आहेत, सगळं व्यवस्थित आहे. हे दुसरं. हे कुणाला द्यायचं नाहीये.

स्मरणिकेत आजवरच्या सगळ्या बॅजचे फोटो हवे होते, म्हणून आईची सोलापुरी चादर माळ्यावरून काढली. दर वर्षीचा एक बॅज ती त्या चादरीवर शिवून ठेवायची. पहिला खाकी गोल, मधे शेकोटीची ज्योत, जी अजूनही गाजरासारखी दिसते. मग माहुलीचे सुळके. आणि पाच वर्षं झाली तेव्हाचा तो बगळा! वागळे इस्टेटमध्ये तुमच्या कारखान्याशेजारी एक भरतकामवाला होता, त्याच्याकडून तुम्ही ते पुडकं आणलंत आणि स्वयंपाकघरात फरशीवर बॅज मांडलेत. आई पोळ्या लाटता लाटता वाकून म्हणाली, "अहो, हे बदक आहे." तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "बगळाच आहे. बसलाय." पथकात सगळे त्याला बदकाचा बॅजच म्हणायचे. मी तेरा वर्षांची होते, आणि त्यातलं एक बदक आपलं, हे मी मनात पक्कं धरलं होतं.

पण तुमचा नियम उफराटा. मानकरी हे मानकऱ्यांनी निवडायचे नाहीत, सरांनी तर नाहीच. ज्यांना अजून बॅज मिळालेला नाही, त्यांनीच निवडायचे. "ज्याच्याकडे आहे तो आपल्यासारखाच शोधत बसतो," असं तुम्ही म्हणायचात. कॅम्प संपायच्या आदल्या दुपारी, जेवणं झाली की मुलं झाडाखाली ओळीने बसणार, गळ्यातले स्कार्फ डोळ्यांवर बांधणार, तुम्ही एकेक नाव घेणार, आणि ज्याला तो मुलगा किंवा मुलगी लायक वाटते त्याने हात वर करायचा. हात मोजायचे तुम्ही. निम्म्याहून जास्त झाले तर निवडलेल्याने दुसरा अख्खा दिवस तोंडातून शब्द न काढता राबायचं, आणि मग स्काऊटच्या रीतीने डाव्या हातात बॅज. माझं नाव तुम्ही लागोपाठ तीन कॅम्पमध्ये घेतलंत. तिन्ही वेळा मी तशीच घरी आले.

तिसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरातच तुम्हाला धरलं. "तुम्ही सर आहात ना? मग तुम्हाला काय अवघड आहे?" आई म्हणाली, "द्या हो एक. पोर दर वर्षी तोंड पाडून येते." तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. म्हणालात, "मला मत नाही." आणि वर, "कॅम्पात तू सगळ्यांना कामं सांगतेस, स्वतः पातेल्याला हात लावत नाहीस. मुलांना दिसतं ते." मग आमटी वाढून घेतलीत. बाबा, इतका राग आला होता! गावभर झालं, सरांनी पोटच्या पोरीलाही बॅज दिला नाही. तुमचं नाव झालं, माझं नाक कापलं गेलं. मला तो बॅज नकोच होता. मी तुम्हाला लायक वाटते की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. "मला मत नाही" हे काय उत्तर झालं?

तर गेल्या महिन्यात कोपरला एकाच्या घरी समिती बसली. सगळे टकले, गुडघे धरून उठणारे मानकरी. पोहे झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, सुवर्णमहोत्सवी बॅज पहिला तुम्हाला. सरांची लेक तुम्ही." हो म्हणायचं ना गप! पण मला कुठून शहाणपण सुचलं. म्हटलं, "नियम आहे ना? मुलांना विचारा." मुलं हो म्हणणार याची खात्री होती, खोटं कशाला बोलू. त्या रविवारी शाळेच्या मैदानावर जाताना डबाभर बेसनाचे लाडूही नेलेले.

मुलांनी लाडू खाल्ले, डोळ्यांवर स्कार्फ बांधले. मी समोर खुर्चीत. हल्ली तुमच्या जागी असलेली कॅप्टन ठाण्याला ऑफिसात नोकरी करणारी तिशीतली मुलगी आहे. तिने माझं नाव घेतलं, तेवढ्यात एक कार्टं म्हणालं, "टीचर, काकू कॅम्पला कधी आलेल्या का?" "नाही रे." "मग आम्हाला काय माहीत त्या कशा आहेत?" हशा झाला. मग हात वर झाले. थोडेच होते, मोजायचीही गरज नव्हती. तरी ती पोरगी मोजत राहिली. या टोकापासून, मग त्या टोकापासून. ओठ पांढरे पडलेले. कुणाचा एखादा हात अर्धवट वर आहे का, म्हणून वाकून बघत होती. माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे वळली. आणि बाबा, मी खुर्चीत गारच पडले. तिन्ही वेळा तुम्ही माझ्यासमोर असेच उभे असणार. माझे डोळे बांधलेले, सगळ्यांचेच बांधलेले. तुमचा चेहरा बघायला तिथे कुणीच नव्हतं. इतकी वर्षं मी तुमच्यावर रुसून बसले, आणि तुम्ही तिथे माझ्यासाठी एकेक हात शोधत होतात.

अध्यक्ष फार ओशाळले. "पोरं आहेत, मनावर घेऊ नका, आपण मानद देऊ," म्हणाले. मी नको म्हटलं. रिक्षात बसल्यावर रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

डिसेंबरच्या कॅम्पला स्वयंपाकाच्या तुकडीत मी नाव दिलंय. तीन दिवस पातेली घासणार. समितीत सगळ्यांना गहिवरून आलं, या वयात काय ही सेवावृत्ती! तुम्हाला म्हणून सांगते बाबा, सेवा-बिवा काही नाही. मला मतं हवीत.